‘प्रिझनर ऑफ झेंडा’ आणि तोतये : चेहरा किती, गरज किती?

खाजन
अँथनी होपची ‘द प्रिझनर ऑफ झेंडा’ परत वाचली. शाळेत असताना ती तलवारबाजीसाठी वाचली होती. या खेपेला तलवारी बाजूला राहिल्या आणि एकच प्रश्न डोक्यात घोळत राहिला, म्हणून हा धागा काढतोय. कथानक शेवटासकट उघड होणार आहे. ज्यांना कादंबरी कोरी वाचायची आहे त्यांनी आधी ती वाचावी, मग इथे यावं.

थोडक्यात गोष्ट अशी. रुडॉल्फ रासेंडिल हा एकोणतीस वर्षांचा इंग्रज. खाऊनपिऊन सुखी, आणि वहिनीचा कायमचा धोशा की आयुष्यात काहीतरी कर. तांबडे केस आणि लांब सरळ नाक ही त्याच्या घराण्यातली जुनी भानगड. १७३३ मध्ये रुरितानिया या कल्पित राज्याचा राजपुत्र इंग्लंडच्या दरबारी आला होता, त्याचं एका उमरावाच्या बायकोशी जुळलं, आणि तेव्हापासून रासेंडिलांच्या घरात मधूनच एखादं पोर एल्फबर्ग राजघराण्याचं तोंड घेऊन जन्माला येतं. नव्या राजाचा राज्याभिषेक बघायला हा घरी वेगळंच कारण सांगून रुरितानियात जातो आणि झेंडाच्या रानात झाडाला टेकून झोपतो. जाग येते तेव्हा समोर राजाची विश्वासू माणसं, कर्नल साप्ट आणि फ्रिट्झ, आणि पाठोपाठ खुद्द राजा, त्याचंही नाव रुडॉल्फच. रात्री शिकारीच्या बंगल्यात जेवण आणि भरपूर दारू. शेवटी सावत्र भावाने, ब्लॅक मायकेलने, भेट पाठवलेली बाटली येते. ती राजा एकटाच संपवतो. सकाळी काही केल्या तो उठत नाही, आणि राज्याभिषेक त्याच दिवशी आहे.

मग साप्ट ठरवतो की राजा म्हणून हा इंग्रजच जाईल. दाढीमिशी काढली, गणवेश चढवला, आणि राजधानी स्ट्रेल्सौच्या कॅथीड्रलमध्ये मुकुटही डोक्यावर आला. रात्री परत येऊन बघतात तर नोकर योसेफ मरून पडलेला आणि खरा राजा गायब.

इथून पुढची गाठ मला विलक्षण वाटते. मायकेलला पुरतं ठाऊक आहे की गादीवरचा माणूस खोटा आहे. पण तो बोलणार काय? ‘हा राजा नव्हे’ म्हणायचं तर ‘खरा राजा माझ्या किल्ल्यात डांबलाय’ हेही कबूल करावं लागेल. राजाला ठार मारावं तर गादी खोट्या राजाकडेच राहील, मायकेलला काहीच मिळणार नाही. म्हणजे खरा राजा जिवंत आहे तो खोटा गादीवर बसलाय म्हणून. आणि खोटा सुरक्षित आहे तो खरा कैदेत आहे म्हणून. सगळेजण एकमेकांचं बिंग हातात धरून बसले आहेत आणि कुणालाच मूठ उघडता येत नाही.

रूपाचं साम्य पहिल्या काही तासांपुरतं कामाला येतं. त्यानंतर रासेंडिल टिकतो तो साप्टला तो हवा आहे म्हणून, शहराला मायकेल नको आहे म्हणून, आणि मायकेलला गप्प बसणं भाग आहे म्हणून. तोतया चेहऱ्यावर उभा राहत नाही, भोवतालच्यांच्या गरजेवर उभा राहतो, असं माझं ठाम मत झालंय. तुम्हाला काय वाटतं? गोव्याच्या, कोकणच्या इतिहासातून काही आठवत असेल तर जरूर लिहा.

अबोली_पेडणे
फार आवडीचा विषय काढलात. आमच्या पेडण्याच्या बाजूला दशावतारात राक्षस राजाचं रूप घेऊन महालात शिरतो, हा प्रसंग किती आख्यानांत येतो! बघणाऱ्याला सगळं ठाऊक असतं, राणीला ठाऊक नसतं, आणि लहान पोरं ओरडून तिला सांगायला बघतात. झेंडात हीच गंमत आहे, कारण गोष्ट रासेंडिल स्वतः ‘मी’ म्हणून सांगतो. तो घसरेल का, याची काळजी आपल्याला पानोपानी लागते.

पण एक फरक बघा. दशावतारात रूप घेणारा दुष्ट असतो, त्यामुळे तो उघडा पडावा असं वाटतं. होपने काटा उलटा फिरवला. उघडा पडू नये असं वाटणारा तोतया त्याने आपल्याला दिला. जुन्या शहरातून मिरवणूक जाते तो भाग आठवतो ना? ती वस्ती मायकेलच्या बाजूची. रासेंडिल बरोबरच्या सैनिकांना मागे थांबायला सांगतो आणि घोड्यावर एकटा पुढे जातो. लोक आधी गप्प, मग हळूहळू जयजयकार. खऱ्या राजाने हे केलं असतं का? मला नाही वाटत.

खाजन
अबोलीताई, तो प्रसंग लिहायचा राहून गेला, बरं झालं तुम्ही आणलात. तो धोका पत्करतो तिथेच शहर त्याला राजा मानतं. कॅथीड्रलमधला मुकुट त्यानंतरचा.

तिसवाडीकर
गोव्यात बसून हा विषय निघाला की पोर्तुगालचा राजा सेबास्तियांव आठवल्याशिवाय राहत नाही. १५५४ चा जन्म, १५५७ मध्ये तीन वर्षांचा असताना राजा. पोर्तुगीज कवी कामोंइशने आपलं महाकाव्य १५७२ मध्ये याच राजाला अर्पण केलं. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात कामोंइशचा मोठा पुतळा आहे, बहुतेकांनी पाहिला असेल. ४ ऑगस्ट १५७८ ला मोरोक्कोत अल्कासेर किबीरच्या लढाईत सेबास्तियांव पडला. वय चोवीस, लग्न नाही, वारस नाही. १५८० मध्ये पोर्तुगालची गादी स्पेनच्या फिलिपकडे गेली, आणि १६४० पर्यंत आपल्या गोव्याचा राजाही त्याच घराण्यातला.

राजा मेलाच नाही, परत येणार, ही आशा लोकांनी सोडली नाही. मग तोतये आले. १५८४ मध्ये पेनामाकोरला एक, १५८५ मध्ये एरिसेइराला दुसरा. तिसरा स्पेनमधल्या माद्रिगाल गावचा मिठाईवाला, गाब्रिएल दे एस्पिनोसा, १५९५ मध्ये फाशी गेला. चौथा इटलीतला कालाब्रियाचा मार्को तुलियो कातिझोने. हा १५९८ मध्ये व्हेनिसला उगवला. त्याला पोर्तुगीज धड बोलता येत नव्हतं, तरी देशाबाहेर पडलेल्या पोर्तुगीजांनी त्याला आपला राजा म्हणून उचलून धरलं. १६०३ मध्ये त्यालाही मारलं.

खाजनबाब, तुमचं म्हणणं या चौथ्याने पुरतं सिद्ध होतं. ज्याला आपल्या राज्याची भाषा येत नाही तोही राजा ठरतो, कारण परमुलखात अडकलेल्या त्या माणसांना परत जायला एक राजा हवा होता. माद्रिगालच्या प्रकरणातही खरा सूत्रधार होता मिगेल दुश सांतुश नावाचा पोर्तुगीज पाद्री. फिलिपची सत्ता त्याला उलथायची होती. मिठाईवाल्याच्या पाठीशी तो उभा राहिला म्हणून तर प्रकरण इतकं पुढे गेलं.

पर्वरीची_वाचक
वाचतेय. कातिझोनेबद्दल पहिल्यांदाच कळलं. देव बरें करूं.

फोंडेकर_नाटकवाला
आपल्याकडे याहून जवळचं उदाहरण आहे आणि ते सगळ्यांच्या मनात आलं असणार. भाऊसाहेबांचा तोतया.

पानिपत १४ जानेवारी १७६१ चं. सदाशिवरावभाऊ पडले, पण पुण्यात पुष्कळांच्या मनात शंका राहिली. पुढे उत्तरेत सुखनिधान नावाचा कनोजा ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणू लागला. थोरल्या माधवरावांच्या काळात त्याची चौकशी झाली, तोतया ठरला, कैदेत पडला. इथवर प्रकरण किरकोळ आहे. खरी गोष्ट १७७६ ची. तो रत्नागिरीला कैदेत होता आणि तिथला अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे यानेच त्याला बाहेर काढून भाऊसाहेब म्हणून उभा केला. बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्याकडे गेले, फौज जमली, तो घाटापर्यंत पोचला.

आता काळ बघा. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झालेला. १७७४ मध्ये जन्मलेले सवाई माधवराव पाळण्यातून नुकतेच उतरलेले. राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला. मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह. पुण्याच्या कारभाऱ्यांवर नाराज असलेल्या प्रत्येकाला एक मोठा, वडीलधारा, लढवय्या पेशवा हवा होता. बारा वर्षांपूर्वी जो माणूस कुणी विचारात घेतला नाही, त्याच माणसापुढे किल्लेदार दरवाजे उघडू लागले. त्याचा चेहरा मधल्या काळात भाऊसाहेबांसारखा झाला होता का? नाही. काळ बदलला होता. शेवटी महादजी शिंद्यांच्या फौजेने त्याला हरवलं, समुद्रमार्गे निसटताना रघुजी आंग्र्यांनी पकडलं, आणि डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला.

न. चिं. केळकरांचं ‘तोतयाचे बंड’ हे नाटक यावरच आहे. आमच्या गावच्या देवळात उत्सवी नाटकांत ऐतिहासिक नाटकांना अजून गर्दी होते, आणि मी तालमींत पुष्कळ राजे पाहिलेत. रंगमंचावरचा अनुभव सांगतो. राजाचं काम करणारा नट कितीही उंचापुरा असो, समोरचे दरबारी मुजरा कसा करतात त्यावर तो राजा दिसतो. दरबाऱ्यांनी कंबर वाकवताना कुचराई केली की भरजरी अंगरखा घातलेला तो माणूस नुसता उभा असतो. साप्टला हे पुरेपूर कळलं होतं. रासेंडिलला तो घोड्यावर बसायला शिकवत नाही. स्वतः त्याच्यासमोर कसं वागायचं ते पक्कं ठरवतो.

म्हादईकाठ
नाटकवाल्यांची मुजऱ्याची गोष्ट मनात राहील. पण या सगळ्या चर्चेत राजकारण करणाऱ्यांची गरज आली, घरातल्या बाईची राहिली.

पार्वतीबाई. भाऊसाहेबांच्या पत्नी, पानिपतावर बरोबर होत्या. पती गेले हे त्यांनी अखेरपर्यंत मानलं नाही, वैधव्य पत्करलं नाही, १७८३ मध्ये वारल्या. तोतयाचं बंड उभं राहिलं तेव्हा त्या हयात होत्या. पुण्याच्या वाड्यात बसून ‘कोकणात भाऊ प्रगटले’ ही बातमी त्यांनी कशी ऐकली असेल, याचा विचार करून बघा. परांजप्याला भाऊ हवे होते ते सत्तेसाठी. या बाईला हवे होते ते कुंकवासाठी.

तिसवाडीकरांनी माद्रिगालचा उल्लेख केला, तिथेही एक बाई आहे. आना दे आउस्त्रिया, राजा फिलिपची पुतणी. लहानपणीच तिला मठात टाकलेलं. तिला कुणी विचारलं नव्हतं. मठातल्या त्या पाद्र्याने तिला पटवलं की हा मिठाईवाला म्हणजे सेबास्तियांव आणि तो तुझ्याशी लग्न करणार. तिने विश्वास ठेवला. ‘भोळी’ म्हणून तिला सोडून देऊ नका. मठाच्या भिंतीबाहेर जायचा तिला दिसलेला तो एकच दरवाजा होता.

आता फ्लावियाकडे या. राजकन्या फ्लाविया ही एकटीच अशी आहे जिला गरज नसताना फरक जाणवतो. खऱ्या राजाशी तिचं लग्न ठरल्यातच जमा होतं, पण त्याच्यावर तिचा जीव नव्हता. राज्याभिषेकानंतर ती म्हणते की तू बदललास. नाचाच्या रात्री रासेंडिल तिला विचारतो की मी राजा नसतो तर? ती होय म्हणते. तो खरं सांगून टाकणार, तोच साप्ट येऊन उभा राहतो. शेवटी रानात ती त्याला जखमी अवस्थेत बघते. साप्ट म्हणतो की हा राजा नव्हे. तिला ते पटतच नाही, आपलं माणूस आपल्याला कळत नाही का, असा तिचा सूर असतो.

खाजनबाब, तुमचा सिद्धान्त इथे अडतो. सगळ्यांना राजा हवा होता. हिला माणूस हवा होता, आणि तो तिने बरोबर ओळखला. नाव तेवढं चुकीचं होतं.

खाजन
म्हादईकाठ, तुमच्या प्रतिसादावर बराच वेळ विचार केला. मान्य. पण मग शेवट आणखी कठोर होतो. कळल्यावरही ती त्याच्याबरोबर जात नाही. रुरितानियाला राणी हवी आहे, मुकुट घातलेल्या राजाला एल्फबर्ग घराण्याचीच बायको हवी आहे, आणि ती राहते. म्हणजे राज्याच्या गरजेने खोट्याला राजा केलं आणि त्याच गरजेने खऱ्या प्रेमाला घालवून दिलं. वर्षातून एकदा फ्रिट्झ ड्रेस्डेनला येतो, तिच्याकडून एक तांबडा गुलाब आणतो, याच्याकडून एक नेतो. इतकंच उरतं.

सत्तरीचा
मला थोडा विरोध नोंदवायचा आहे. रासेंडिल आणि सुखनिधान यांना एका पंक्तीला बसवणं बरोबर नाही. सुखनिधानाने, मिठाईवाल्याने, त्या इटलीवाल्याने मेलेल्या माणसाची जागा मागितली. रासेंडिल जिवंत माणसाची जागा राखतो, ती त्याला परत द्यायची म्हणून. एक बळकावणारा, दुसरा विश्वस्त. हा भेद पुसला तर कादंबरीचा कणाच मोडतो.

आणि होपने मोह नीट दाखवलाय, तो विसरू नका. मायकेलचा साथीदार रुपर्ट ऑफ हेंत्झाउ उघड सौदा पुढे करतो. किल्ल्यावर सरळ हल्ला कर, साप्ट आणि फ्रिट्झ त्यात मरू देत, मायकेल मरू दे, कोठडीतला राजाही मरेल, मग राज्य तुझं, राजकन्या तुझी, आणि मला माझा वाटा दे. रासेंडिल नाही म्हणतो. पण ऐकताना आपल्या मनात काय चाललं होतं हेही तो लपवत नाही. कोठडीतून खंदकात उतरणारी ती जाड नळी आठवा. हल्ला झाला की राजाला मारून, प्रेताला वजन बांधून त्या नळीतून पाण्यात सोडायचं, असा मायकेलचा बंदोबस्त. म्हणजे रासेंडिलला काही वाईट करायचीसुद्धा गरज नव्हती. जरा घाई केली असती, थोडा धसमुसळेपणा केला असता, की गादी कायमची त्याची. त्याऐवजी तो रात्री एकटा खंदकात पोहत शिरतो. माझ्या लेखी ही या गोष्टीतली सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

फोंडेकर_नाटकवाला
सत्तरीचा, विश्वस्त हा मुद्दा पटला. पण रुपर्टबद्दल बोललात तर पूर्ण बोला. नट म्हणून सांगतो, नायकाची भूमिका कुणी दिली तरी मी रुपर्टच मागेन. हात पुढे करतो आणि दुसऱ्या हाताने खांद्यात खंजीर मारून घोड्यावरून हसत निघून जातो. शेवटी मायकेलला मारतो तोही हाच. होपने त्याला मरू दिलं नाही हे बरोबर केलं.

बांदोडे_नागेशी
धाग्याला थोडं फोंड्याकडे वळवते. सगळे तोतयाबद्दल बोलतायत. कादंबरीचं नाव मात्र कैद्यावरून आहे. कोठडीतला राजा हा खरा ऐवज, आणि असा ऐवज गोव्यात बरीच वर्षं सांभाळून ठेवला होता.

विजापूरच्या आदिलशाही घराण्यातला एक राजपुत्र, पोर्तुगीज कागदांत त्याचं नाव मियाल. इब्राहिम आदिलशहाच्या गादीवर हक्क सांगू शकेल असा. १५४० च्या दशकात गव्हर्नर मार्तिम आफोंसो दे सौझाने त्याला गोव्यात आणलं. इब्राहिमला धाक बसला, आणि या राजपुत्राला विजापूरपासून लांब ठेवण्याच्या बोलीवर बार्देस आणि साष्टी पोर्तुगीजांच्या पदरात पडले. आज आपण म्हापसा, मडगाव म्हणतो त्या मुलखाच्या इतिहासात एका ओलीस माणसाचा एवढा वाटा आहे. पुढे १५५५ मध्ये व्हाइसरॉय पेद्रु माश्कारेन्याशने त्याच राजपुत्राला विजापूरचा राजा म्हणून जाहीर करून फौजेनिशी फोंड्याला पाठवलं. डाव फसला. लांब ठेवायचं वचन, आणि गरज पडली तेव्हा तोच हुकमाचा एक्का.

याच्या खरेपणाबद्दल वाद नव्हता. तरीही त्याच्या हातात काही नव्हतं. खाजनबाबांचा मुद्दा मला उलट बाजूने पटतो तो असा की खरा असूनही राजा होता येत नाही, जोवर कुणाला तुझी गरज पडत नाही. आणि गरज पडली तरी ती तुझ्यासाठी नसते.

आमच्या गावातच सोंदेकर राजांची वस्ती झाली. हैदरअलीने सोंदे घेतलं तेव्हा ते १७६३-६४ च्या सुमारास पोर्तुगीजांच्या आश्रयाला आले आणि बांदोड्याला राहिले. फोंडा, सांगे, केपे, काणकोण हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला तो या घडामोडीत. लहानपणापासून हे ऐकत आल्यामुळे असेल, मला कादंबरीत गादीवरच्या रुडॉल्फपेक्षा कोठडीतल्या रुडॉल्फचं वाईट वाटतं. तो आजारी आहे, खंगलाय, आपल्या नावाने बाहेर कुणीतरी लोकांची मनं जिंकतोय हे त्याला कळतं. सुटल्यावर त्याला आयुष्यभर त्या दुसऱ्याशी स्वतःची तुलना करत जगायचं आहे.

तिसवाडीकर
बांदोडेताई, उत्कृष्ट प्रतिसाद. मियालचं नाव इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत येऊन जातं, त्याला या अंगाने कुणी बघत नाही.

पर्वरीची_वाचक
चित्रपटांचं कुणी काढलं नाही म्हणून लिहिते. १९३७ चा रोनाल्ड कोलमनचा इंग्रजी चित्रपट अजूनही बघण्यासारखा आहे. पण आपल्या लोकांनी बंगालीतला ‘झिंदेर बंदी’ जरूर पाहावा. तपन सिन्हांचा, १९६१ चा, शरदिंदु बंद्योपाध्यायांच्या कादंबरीवरचा. ती कादंबरी म्हणजे झेंडाचंच रूपांतर, रुरितानियाच्या जागी झिंद नावाचं संस्थान. उत्तमकुमारची दुहेरी भूमिका आहे आणि रुपर्टच्या जागचा मयूरवाहन सौमित्र चॅटर्जींनी केलाय. नाटकवाल्यांचं म्हणणं खरं ठरतं, सौमित्र पडद्यावर आले की दुसरीकडे नजर जात नाही.

रूपांतरात एक गोष्ट लक्षात आली. भारतीय संस्थान म्हटल्यावर ही कथा जराही परकी वाटत नाही. सावत्र भाऊ, वारसाचा वाद, दरबारात दोन तट, किल्ल्यातली कोठडी. होपने युरोपातलं एक कल्पनेतलं राज्य रचलं, पण ते आपल्याकडे आणताना काही ओढूनताणून बसवावं लागत नाही.

अबोली_पेडणे
होपबद्दल थोडं. तो वकील होता. ही कादंबरी त्याने महिनाभरात लिहिली, १८९४ मध्ये आली, आणि इतकी चालली की त्याने वकिली सोडली. खाजनबाब ज्या गाठीबद्दल म्हणतात ती मला वकिलाच्या डोक्यातूनच आलेली वाटते. कोण काय सिद्ध करू शकतो, सिद्ध करताना स्वतः कुठे अडकतो, हे ज्याने कोर्टात रोज बघितलं असेल त्यालाच मायकेलची अशी कोंडी सुचणार.

सत्तरीचा
दुसरा भाग ‘रुपर्ट ऑफ हेंत्झाउ’, १८९८ चा, तो कुणी वाचलाय का? लगेच वाचायला घ्यावा का?

म्हादईकाठ
मी वाचलाय. घ्या, पण मध्ये थोडे दिवस जाऊ द्या. तो फ्रिट्झच्या तोंडून सांगितलाय, त्यामुळे पहिल्या भागातला रासेंडिलचा मोकळा, बेधडक आवाज नाही. वातावरण काळवंडलेलं आहे. फ्लावियाने रासेंडिलला लिहिलेलं पत्र रुपर्टच्या हाती पडतं तिथून सुरुवात. पुढे खरा राजा मारला जातो, आणि तुम्ही ज्याला विश्वस्त म्हणालात त्याच्यासमोर प्रश्न येतो की आता ज्याला परत द्यायचं तोच उरला नाही, मग ठेवायचं का? साप्ट म्हणतो ठेव. फ्लावियालाही तेच हवं आहे. त्याने काय ठरवलं होतं ते मात्र शेवटपर्यंत कळत नाही, कारण ते बोलून दाखवण्याआधीच त्याला गोळी घातली जाते. तुमचा मुद्दा मानणाऱ्याने तर तो भाग वाचलाच पाहिजे.

सत्तरीचा
असं असेल तर हातातलं बाजूला ठेवून वाचतो.

पर्वरीची_वाचक
माझी मुलगी आठवीत आहे, मराठी माध्यमातून शिकते, इंग्रजी बेताचं. तिला मूळ पुस्तक झेपेल का? पहिलं प्रकरण घराण्याच्या माहितीचं आहे, ते सोडून दिलं तर चालेल?

खाजन
नक्की झेपेल, पण सुरुवातीला बरोबर बसा. भाषा जुनी असली तरी वाक्यं सरळ आहेत आणि प्रकरणं छोटी. पहिलं प्रकरण सोडू नका, तांबड्या केसांची गोष्ट तिथेच आहे आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तेवढं तुम्ही मराठीतून सांगा. दुसऱ्या प्रकरणात तो झेंडाला पोचतो, तिथून तिच्या हातात द्या. पुस्तक पणजीत पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात विचारून बघा, आणि होपचे लेखनहक्क केव्हाच संपलेत, त्यामुळे नेटवरही कायदेशीर मोफत मिळतं. बागेतल्या घरात तीन मारेकरी दार अडवून उभे राहतात आणि रासेंडिल लोखंडी चहाचं टेबल ढालीसारखं पुढे धरून त्यांच्यावर धावतो, तिथवर ती पोचली की पुढचं पुस्तक ती तुमच्याकडे मागणारच नाही, स्वतःच संपवेल. संपल्यावर तिला फ्लावियाबद्दल काय वाटलं ते इथे लिहा.